गणपूर्ती

कार्डलाच्या इस्पितळात तळघराला खिडकी नाही.
वर बर्फ पडतंय की थांबलंय
हे मला जिना उतरणाऱ्या बुटांवरून कळतं.

तीन सर्व्हर. दोन नवे,
तिसरा हेल्डुरच्या काळातला,
पाठीवर त्याच्याच अक्षरातली चिठ्ठी :
'वरचा पंखा बोंबलतो. बोंबलू दे.'

ही प्रणाली कुणाच्या मालकीची नाही.
म्हणजे पैसे द्यायचे नाहीत
आणि भांडायलाही कुणी नाही.
कुठल्याशा गावांत रात्री जागून
ज्यांनी ती लिहिली
त्यांनी खाली एवढंच सांगून ठेवलंय :
चालली तर चालली, हमी मागू नये.

एका लोखंडाच्या पोटात सहा यंत्रं नांदायची आहेत,
खरी नसलेली, पण खऱ्यासारखी कामावर जाणारी.
एक क्ष-किरणांचं, एक रक्ताच्या नमुन्यांचं,
एक नुसतं स्वयंपाकघराचं :
कुणाला मीठ नको, कुणाला दूध सोसत नाही.
एक होस्ट आडवा झाला तर त्यांनी
बिऱ्हाड उचलून शेजारी जावं,
खाटेवरच्या माणसाला कळूही नये.
एवढंच तर मागणं.

पहिला म्हणाला, माझ्यात आभासी काही चालायचं नाही.
बायोसमध्ये एक कळ बंद होती. उघडली. मुकाट झाला.
दुसऱ्याचा पूल मी भलत्याच पोर्टाला बांधला होता;
चूक माझी, शिव्या केबलला.
तिसरा मात्र ताकास तूर लागू देईना.

पिंग जातंय. उत्तर येतंय.
पासवर्ड बरोबर.
केबल बदलली. स्विच दहा मिनिटं अंधारात ठेवला.
पुसलं, पुन्हा मांडलं, पुन्हा पुसलं.
घोडं नेमकं कुठं पेंड खातंय?
त्याच्या पडद्यावर एकच ओळ :
गणपूर्तीची वाट पाहतो आहे.
अरे, ते दोघे शेजारीच बसलेत,
हात लांब कर.

चार वाजता लेइडा उतरली, बुटांवर ओला बर्फ.
पथ्याची यादी आज तरी छापून मिळेल का, विचारायला.
माझ्या खांद्यावरून वाकून तिनं पडदा वाचला,
कोपऱ्यातला, जिथं मी सकाळपासून पाहिलंच नव्हतं.
'मारिका, हा तर दोन हजार दहा म्हणतोय.'

एक जानेवारी. रात्रीचे बारा वाजून एकेचाळीस.

मग लॉगमध्ये सापडलं, तीनशे ओळींखाली :
शेजाऱ्यांचं ओळखपत्र अजून वैध नाही.
बरोबरच आहे त्याचं.
ते दोघे त्याच्या लेखी जन्मालाच यायचेत.
त्याच्या लेखी हेल्डुर वरच्या मजल्यावर कॉफी ओततोय,
समुद्र धरू लागलाय,
आणखी थोड्या आठवड्यांत मुख्य भूमीपर्यंत
बर्फावरून गाडी जाईल.

हेल्डुरनंच शिकवलं होतं त्या रस्त्यावर :
पट्टा सोडून बस.
पंचविसाच्या खाली चालव नाहीतर चाळिसाच्या वर,
मधे रेंगाळू नको.
मधल्या वेगाला खालचं पाणी तुझ्याशी ताल धरतं,
आणि बर्फ मोडतो तो वजनानं नाही, तालानं.
गेली कित्येक वर्षं रस्ताच झालेला नाही.
फेरीबोट जाते, वेळापत्रकानुसार.

बेटावरची दुकानं पाचला मिटतात.
पाच वाजून गेले होते.
मी गाडीच्या किल्लीचं पोट उघडलं,
नाण्याएवढी बॅटरी काढून त्याच्या छातीत बसवली,
आणि वेळ लावायला घेतली तेव्हा बोट जरा अडलं.
इतकी वर्षं एकदम अंगावर टाकायची
म्हणजे आधी काही बोलायला हवं का?
काही सुचलं नाही. एंटर दाबलं.

गणपूर्ती झाली.
स्वयंपाकघराचं यंत्र दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेलं,
वर यादी छापली जात असताना,
एकही ओळ न तुटता.
पंखा बोंबलत होता. बोंबलू दिला.

रात्री गाडी किल्लीला ओळखेना.
कुलपात हातानं फिरवली, करकरली, दार सुटलं.
आतलं घड्याळ अजून उन्हाळ्याच्या वेळेवर,
एक तास पुढं.
राहू दे.